चार्जरलाही घरात हक्काची जागा हवी

रात्री निजण्यापूर्वी "गॅस बंद केला का?" असे विचारण्याची रीत मराठी मध्यमवर्गीय घरांत आता दोन-तीन पिढ्यांची झाली आहे. ती कोणत्याही कायद्याने लावलेली नाही. शेगडी आणि स्टोव्ह मागे पडून स्वयंपाकघरात सिलिंडर आला, तेव्हा त्या नव्या वस्तूचे सामर्थ्य आणि तिचे भय ही दोन्ही आपल्या माता-भगिनींनी ओळखली. रेग्युलेटर बंद करणे, नळी वेळेवर बदलणे, वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी खिडक्या उघडणे, हे सारे घरचे वळण होऊन गेले. सासूने ते सुनेला सांगितले, आईने मुलांना शिकविले. नवी शक्ती घरात आली की तिच्याबरोबर तिची शिस्तही यावी लागते, हे त्या पिढीला कोणी व्याख्यान देऊन सांगावे लागले नाही.

गेल्या काही वर्षांत अशीच एक नवी शक्ती आपल्या दारी आली आहे. विजेवर चालणारी दुचाकी आता नवलाची राहिलेली नाही. पेट्रोलचा खर्च वाचतो, धूर होत नाही, आवाज नाही. ज्येष्ठ नागरिकांपासून महाविद्यालयीन मुलींपर्यंत सर्वांना ती सोयीची वाटते. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या खनिज तेलावरचा भार हलका करणारे हे वाहन स्वागतार्हच आहे. दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी दारी येते, तिला झेंडूचा हार पडतो, कुंकवाचे बोट लागते, पेढे वाटले जातात. मात्र तिच्याबरोबर आलेली विटेएवढी काळी पेटी, म्हणजे चार्जर, कोठे ठेवायची याचा विचार फारसा कोणी करीत नाही. ती कधी सोफ्यावर पडलेली असते, कधी जिन्याखाली चपलांच्या मांडणीवर, कधी गाडीच्या बंद डिक्कीत, तर कधी खिडकीतून खाली सोडलेल्या वायरीला लोंबकळत असते. गाडीच्या रंगाची चर्चा आठवडाभर होते; चार्जरच्या जागेची चर्चा पाच मिनिटेही होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ती पेटी आणि तिची जागा हाच आहे.

२०२२ सालचा इशारा

२०२२ हे वर्ष या बाबतीत फार कठोर शिक्षक ठरले. मार्च महिन्यात पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ई-स्कूटरने पेट घेतल्याचे दृश्य देशभर पाहिले गेले. त्याच सुमारास तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री चार्जिंगला लावलेल्या गाडीला आग लागली आणि धुराने गुदमरून बाप-लेकीचा अंत झाला. एप्रिलमध्ये तेलंगणातील निजामाबाद आणि आंध्रातील विजयवाडा येथे घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचे स्फोट होऊन प्रत्येकी एकाचा बळी गेला. १२ सप्टेंबर रोजी सिकंदराबादेत ई-स्कूटर विक्रीच्या दालनात लागलेल्या आगीचा धूर वरच्या लॉजमध्ये शिरला आणि आठ जण मृत्युमुखी पडले. त्याच सप्टेंबरात आपल्या वसईत, घराच्या बैठकीत रात्री चार्जिंगला लावलेली बॅटरी फुटली आणि तेथे झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजून दगावला.

या घटनांची कारणे सर्वत्र एकच होती असे म्हणणे चुकीचे ठरेल. तज्ज्ञांच्या तपासात बॅटरीतील सेल, त्यांची मांडणी आणि त्यांवर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था यांतील दोष पुढे आले. त्यानंतर केंद्र सरकारने दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांसाठी असलेले एआयएस-१५६ हे मानक कडक केले. ही मानके पुण्याच्या एआरएआय संस्थेमार्फत प्रसिद्ध होतात, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. सुधारित नियम दोन टप्प्यांत, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ पासून लागू झाले. बॅटरी भरल्यावर पुरवठा तोडणारी व्यवस्था, धोक्याची दृश्य व श्राव्य सूचना, पाणी-धुळीपासून संरक्षण अशा अनेक गोष्टी त्यांत आल्या.

परंतु मानक कारखान्यापर्यंत पोहोचते, आपल्या जिन्याखाली पोहोचत नाही. त्या तारखांपूर्वी विकलेल्या गाड्याही रस्त्यावर आहेत. मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारातून आणलेले स्वस्त चार्जरही आहेत. आणि वर सांगितलेल्या घटनांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : रात्रीची वेळ आणि झोपलेली माणसे. बॅटरीच्या आत काय आहे ते आपण उघडून पाहू शकत नाही. चार्जर कोठे, केव्हा आणि कोणाच्या नजरेखाली चालावा, हे मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे.

उष्णता येते कोठून?

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची आणि प्रत्यावर्ती असते. बॅटरीला हवी असते ती कमी व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. हे रूपांतर करणे हे चार्जरचे काम. कोणतेही रूपांतर फुकट होत नाही. धरून चालू की चार्जरने भिंतीतून ५०० वॅट घेतले आणि त्यातील बारा टक्के वाटेत खर्च झाले, तर ६० वॅट निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडतात. जुन्या साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याची आठवण वाचकांना असेलच. पेटलेल्या दिव्याला बोट लावण्याची कोणाची छाती नव्हती. तेवढी उष्णता ही पेटी चार-पाच तास सतत बाहेर टाकत असते. तिचे गरम होणे हा दोष नव्हे, तो तिचा धर्म आहे. ती उष्णता बाहेर जाऊ न देणे हा दोष, आणि तो आपला.

म्हणूनच चार्जरच्या अंगावर धातूचे उभे काप असतात किंवा आत छोटा पंखा असतो. गादी, सोफा, कपड्यांची घडी, पुठ्ठ्याचे खोके यांवर तो ठेवला की खालची हवा बंद होते. धूळ बसू नये म्हणून वर टाकलेला रुमाल हे तर गरम पेटीवर घातलेले पांघरूणच. पंख्याच्या जाळीत केस-धूळ साचली तरी परिणाम तोच. आतल्या कपॅसिटरविषयी अभियंते एक ढोबळ नियम सांगतात : दर दहा अंश तापमानवाढीला त्याचे आयुष्य निम्म्यावर येते. म्हणजे कोंदट जागी ठेवलेला चार्जर आधी लवकर म्हातारा होतो आणि मग अविश्वासू होतो.

आणखी एक बाब ध्यानात घेण्यासारखी. लिथियम बॅटरी भरताना चार्जर आधी ठरावीक प्रवाह जोराने देतो आणि शेवटी व्होल्ट स्थिर ठेवून प्रवाह कमी कमी करीत जातो. त्यामुळे चार्जरची खरी कसोटी सुरुवातीच्या तास-दोन तासांत लागते, तर बॅटरीची कसोटी शेवटी, जेव्हा पुरवठा वेळेवर थांबणे आवश्यक असते. रात्री अकराला प्लग लावून निजणाऱ्याच्या या दोन्ही वेळा झोपेत जातात.

गॅसमध्ये तीव्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते, म्हणून गळती आधी नाकाला कळते. चार्जरच्या उष्णतेला वास नाही. प्लास्टिक जळाल्याचा वास येतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. नाकावर विसंबता येत नसेल, तर तेथे डोळा आणि सवय ठेवावी लागते.

सैल प्लगचा शांत धोका

चार्जर उत्तम असला तरी तो ज्या सॉकेटात खोचला जातो ते अनेकदा वीस वर्षांपूर्वीचे, ढिले झालेले असते. शाळेत शिकलेला जूलचा नियम येथे उपयोगी पडतो : प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. चार अँपिअरचा प्रवाह अर्ध्या ओहमच्या सैल जोडातून गेला तर तेथे आठ वॅट उष्णता निर्माण होते. आठ वॅट म्हणजे फार नव्हे, असे वाटेल; पण ती हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या जागेत कोंडलेली असते. सॉकेटचे तोंड तपकिरी होणे, प्लगची पिन काळी पडणे, प्लग काढताना तो चटका देण्याइतका गरम लागणे ही तिची लक्षणे.

"आमच्याकडे एमसीबी आहे, ती आपोआप पडेल" असा विश्वास अनेकांना असतो. तो येथे फसवा आहे. एमसीबी प्रमाणाबाहेर प्रवाह वाढला तर पडते. विजेची गळती ओळखणारी आरसीसीबी बहुधा ३० मिलिअँपिअर गळतीला पडते आणि माणसाचा जीव वाचविते. दोन्ही हव्यातच. परंतु सैल जोडात प्रवाह वाढत नाही आणि गळतीही होत नाही. केवळ जोड तापत राहतो. तो या दोघींना दिसत नाही. तो वायरमनला दिसतो, आणि लक्ष देणाऱ्या गृहस्थाला दिसतो.

एक्स्टेन्शन बोर्डाचेही तेच. बारीक तारेचा, तीन-चार उपकरणे लावलेला, उरलेली वायर गुंडाळून ठेवलेला बोर्ड चार्जरसाठी वापरणे म्हणजे वेटोळ्यातच उष्णता साठविणे होय. भिंतीतील पक्के, अर्थिंग असलेले, चार्जरच्या क्षमतेस साजेसे सॉकेट आणि तेथपर्यंत स्वतंत्र तार हाच यावरचा खरा उपाय. त्याचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

"पिन बसते" म्हणजे "चार्जर चालतो" नव्हे

शेजाऱ्याचा चार्जर उसना आणणे ही आपल्याकडची भाबडी सहकारवृत्ती. साखर उसनी आणावी, चार्जर आणू नये. याचे कारण आकड्यांतच आहे. '४८ व्होल्ट' ही अक्षरे शिसे-आम्लाच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या चार्जरवरही असतात आणि लिथियमच्या चार्जरवरही. तेरा सेल एकापुढे एक जोडलेली नेहमीची लिथियम बॅटरी ५४.६ व्होल्टला पूर्ण भरते, कारण प्रत्येक सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. शिसे-आम्लाचा चार्जर मात्र ५८ व्होल्टच्या आसपास जातो. तो लिथियमला लावला तर प्रत्येक सेलवर साडेचार व्होल्टच्या जवळ ताण येतो. आतली संरक्षक व्यवस्था मध्ये पडली तर निभावते. तीच सदोष असेल तर पुढचे सांगायला नको. म्हणून बिघडलेल्या चार्जरच्या जागी गाडीच्या उत्पादकाने सांगितलेलाच चार्जर, पक्क्या पावतीसह घ्यावा. घरी तो उघडण्याच्या फंदात पडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतकी वीज काही काळ राहू शकते.

बंदीने धोका जातो कोठे?

आता या प्रश्नाच्या सामाजिक बाजूकडे वळू. २०२२ नंतर अनेक गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांनी 'वाहनतळात चार्जिंग करू नये' अशी सूचना फलकावर लावली. समित्यांची भीती अनाठायी नाही. शेकडो माणसांच्या जीविताची जबाबदारी असलेल्या सचिवाने सावध असणे योग्यच आहे. पण बंदीनंतर काय घडते, याचाही विचार व्हावा. गाडी विकली जात नाही. तिची बॅटरी काढता येण्यासारखी असेल तर ती लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर जाते आणि बैठकीत, मुलांच्या अंथरुणाशेजारी चार्ज होते. बॅटरी निघत नसेल तर खिडकीतून वायर खाली येते. म्हणजे समितीने धोका नाहीसा केला नाही. तो मोकळ्या अंगणातून उचलून झोपण्याच्या खोलीत नेऊन ठेवला. वसईची घटना बैठकीतच घडली होती, याचे विस्मरण होऊ नये.

आपल्या इमारतींच्या रचनेतील एक वैगुण्य येथे आणखी घातक ठरते. मीटरची खोली बहुधा जिन्याखाली असते. सॉकेट तेथेच मिळते, म्हणून गाडीही तेथेच लावली जाते. जिना ही धुराच्या दृष्टीने चिमणीच. खाली आग लागली की धूर त्याच वाटेने वर चढतो, ज्या वाटेने माणसांना खाली यायचे असते. सिकंदराबादेत आणि वेल्लोरला जीव घेतला तो मुख्यतः धुराने. त्यामुळे चार्जिंगची जागा कोणतीही असो, ती घराच्या किंवा इमारतीच्या बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर नसावी, हा पहिला नियम.

न्यूयॉर्क शहराचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. तेथे घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणारे हजारो तरुण ई-सायकली वापरतात आणि लहान खोल्यांत रात्री बॅटऱ्या चार्ज करीत असत. २०२३ मध्ये त्या एका शहरात लिथियम बॅटऱ्यांच्या २६८ आगी लागल्या आणि १८ माणसे गेली. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून प्रमाणित नसलेल्या ई-सायकली व बॅटऱ्यांच्या विक्रीवर तेथे बंदी आली. आणि त्याबरोबरच २०२४ मध्ये महापालिकेने उघड्यावर सार्वजनिक चार्जिंगची ठिकाणे सुरू करून पाहिली. २०२४ मध्ये आगींची संख्या जवळजवळ तेवढीच, २७७ होती. मृत्यू मात्र सहावर आले. आग लागणे आणि माणूस मरणे यांच्यामध्ये पुष्कळ गोष्टी असतात : जागा, वेळ, सावधता, मोकळी वाट. त्या सुधारता येतात, हे त्या आकड्यांवरून दिसते.

मुंबई-पुण्यातही हाच वर्ग आहे. दहा बाय दहाच्या खोलीत चौघे-पाच जण राहून दिवसभर विजेच्या गाडीवर फिरणारे हे तरुण आपल्याच वस्त्यांत राहतात. त्यांना 'घरात चार्ज करू नका' असा उपदेश करणे सोपे. मग कोठे करावे, याचे उत्तर समाजाने दिले पाहिजे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या डिसेंबर २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांनीच निवासी जागी खासगी चार्जिंगला मुभा दिली आहे. तेव्हा प्रश्न परवानगीचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे. आवाराच्या मोकळ्या बाजूला, जिन्यापासून व मीटरच्या खोलीपासून दूर, पावसापासून आडोसा असलेली चार-पाच सॉकेटे. स्वतंत्र तार, अर्थिंग, एमसीबी व आरसीसीबी. प्रत्येकाचा वेगळा मीटर. आणि ठळक अक्षरांतील नियमांचा फलक. एका गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उभी राहू शकेल एवढीच ही गोष्ट आहे.

घरचे वळण

घरापुरते बोलायचे तर नियम थोडके आहेत आणि आजी-आजोबांनाही पाळता येतील असे आहेत. चार्जर नेहमी लादीवर किंवा कडप्प्याच्या फळीवर ठेवावा. त्याच्या चहूबाजूंनी वीतभर जागा मोकळी असावी. जवळ पडदा, रद्दी, रॉकेल, तेलाचे डबे नसावेत. डिक्कीत किंवा पिशवीत ठेवून तो चालवू नये. थेट ऊन आणि पावसाचे शिंतोडे दोन्ही टाळावेत. तो थंड व्हावा म्हणून ओला फडका वा बर्फ कधीही ठेवू नये.

गाडी दूरवरून आली की निदान अर्धा तास बॅटरीला विसावा द्यावा आणि मगच प्लग लावावा. लिथियम बॅटरी भरण्यासाठी साधारणपणे ४५ अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात. चंद्रपूर, अकोला, वर्धा येथे मे महिन्यात दुपारची हवाच तेथवर जाते. पत्र्याच्या छपराखाली तर त्याहून अधिक. अशा दिवसांत दुपारी चार्जिंग करूच नये. संध्याकाळनंतर, घर जागे असताना करावे. पहाटे पाचला उठण्याची ज्यांची शिस्त आहे, त्यांच्यासाठी ती वेळ सर्वांत उत्तम. काम झाले की बटण बंद करून प्लग काढावा.

नेहमीपेक्षा चार्जर अधिक तापत असेल, पंख्याचा आवाज बदलला असेल, चार्जिंगला अकारण दुप्पट वेळ लागत असेल, बॅटरी फुगलेली दिसत असेल, तर गाडी त्याच दिवशी सेवाकेंद्रात न्यावी; 'आणखी आठ दिवस चालवू' म्हणू नये. आणि धूर दिसलाच तर वस्तूपाशी धावू नये. शक्य असल्यास दूरच्या मुख्य बटणाने वीज तोडावी, माणसांना बाहेर काढावे, दार ओढून घ्यावे आणि १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. या बॅटऱ्यांचा धूर विषारी असतो आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. गाडीचा विमा असतो. मुलाचे आयुष्य विम्याने भरून येत नाही.

खंडेनवमीला आपण घरातील अवजारे आणि वाहने पुसून त्यांची पूजा करतो. त्या परंपरेत एक सुज्ञ व्यवहार दडलेला आहे : वर्षातून एकदा प्रत्येक हत्यार हातात घेऊन पाहिले जाते. त्या दिवशी चार्जरच्या जाळीतील धूळ काढावी, वायर बोटांनी चाचपावी, सॉकेटचे तोंड पाहावे. अर्थात प्लग काढून. वस्तूची काळजी घेणे हीच तिची खरी पूजा.

वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, हे काम व्याख्यानाचे नाही, एका रविवारच्या सकाळचे आहे. ओळखीचा एक जाणता वायरमन बरोबर घ्यावा, आपल्या इमारतीतील आणि शेजारच्या चाळीतील विजेच्या गाड्या कोठे चार्ज होतात ते पाहावे, जिन्याखालचा एक चार्जर जरी मोकळ्या जागी हलला आणि एक काळे पडलेले सॉकेट जरी बदलले तरी ती सकाळ सार्थकी लागली. पुढच्या सर्वसाधारण सभेत बंदीचा ठराव येईल, तेव्हा विरोधासाठी विरोध न करता जागेचा ठराव मांडावा. विजेची गाडी आता परत जाणार नाही. ती कोठे आणि कोणाच्या डोळ्यांदेखत चार्ज व्हावी, हे ठरविणे तेवढे आपल्याकडे उरले आहे.